संस्थांचा मेळ बसला, तरच मूल वाचू लागते

सौंदड (जि. गोंदिया) : सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड हे गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरील गाव. धानशेती, वनोपज आणि मजुरी हा या परिसराचा आधार. धानाचा हंगाम आटोपल्यावर जी कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात, त्यांच्या मुलांची शाळा मधूनच सुटते. घरात गोंडी वा झाडीबोली आणि पुस्तकात प्रमाण मराठी, ही अडचणही पूर्व विदर्भातील अनेक मुलांपुढे असते. अशा भागात एका संस्थेने दप्तरे वाटली, दुसरीने गणवेश दिले आणि मूल वाचते की नाही हे कुणीच पाहिले नाही, तर मदत पोहोचूनही शिक्षण पोहोचत नाही. म्हणूनच संस्थांच्या समन्वयाला महत्त्व आहे.

राज्यातील अनुभव

महाराष्ट्राला असे प्रयत्न नवे नाहीत. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी १९८८ मध्ये मुंबईत 'डोअर स्टेप स्कूल' सुरू केले. वस्तीतील व बांधकामांवरील मुलांच्या दारापर्यंत शाळा नेणे हे त्याचे सूत्र. वीटभट्टी मजुरांच्या मुलांसाठी 'विधायक संसद' या संस्थेने तत्कालीन ठाणे जिल्ह्यात भोंगाशाळा चालविल्या. पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथून काम करणारी 'क्वेस्ट' संस्था आश्रमशाळांतील मुलांच्या वाचन-लेखनाकडे लक्ष देते.

'प्रथम' ही संस्था १९९५ मध्ये युनिसेफ व मुंबई महापालिकेच्या सहकार्याने उभी राहिली. तिच्या 'बालसखी' उपक्रमात वस्तीतीलच तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास शिकवीत. मुंबई व बडोदा येथे २००१ ते २००३ या काळात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या चमूने या उपक्रमाची पाहणी केली, तेव्हा मुलांची प्रगती झाल्याचे दिसले. वयानुसार नव्हे, तर मुलाला जे येते तेथून शिकवावे, हा धडा अशा प्रयोगांतून मिळाला.

मोजमाप एकच हवे

समन्वयाचे मोठे उदाहरण म्हणजे २००५ पासूनचे 'असर' सर्वेक्षण. जिल्ह्यातील ३० गावे आणि प्रत्येक गावातील २० घरे निवडून मुलांना अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट वाचायला दिली जाते. हे काम स्थानिक संस्था, महाविद्यालये, अध्यापक विद्यालये करतात. साधन मात्र सर्वांचे एकच. २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या अवघ्या २०.५ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता. २०२४ मध्ये हे प्रमाण २७.१ टक्क्यांवर गेले. सुधारणा झाली खरी, पण चारपैकी जवळपास तीन मुले अजूनही मागेच आहेत. तिसरीत न वाचणाऱ्या मुलाला पुढील इयत्तांचे प्रत्येक पुस्तक परके वाटते आणि गळतीची वाट तेथूनच सुरू होते.

कामाची वाटणी

सहकार्य म्हणजे एकाच मंचावरील फलक नव्हे. मोठ्या संस्थेने प्रशिक्षण व साहित्य द्यावे, स्थानिक संस्थेने मुलांची भाषा जाणणारे स्वयंसेवक शोधावेत, शाळेने खोली आणि वेळ द्यावा, देणगीदारांनी वर्षभराचा खर्च उचलावा, अशी वाटणी झाल्यास कामाची पुनरावृत्ती टळते. स्थलांतरित मुलांची यादी दोन्ही गावांतील शाळा व संस्थांकडे असेल, तर मूल वाटेत हरवत नाही.

या वाटणीवर देखरेख ठेवण्यास गावातच व्यवस्था आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक, तर निम्म्या महिला असणे आवश्यक आहे. सौंदडसारख्या गावात मदतीस येणाऱ्या प्रत्येक संस्थेला या समितीने 'किती साहित्य वाटले' याऐवजी 'किती मुले वाचू लागली' हा प्रश्न विचारला, तर समन्वयाची खरी सुरुवात तेथूनच होईल.