दुहेरी पॅराग्लायडरची कुळकथा

एकाच पंखाखाली दोन माणसे डोंगरउतारावरून धावत सुटतात आणि थोड्याच पावलांत जमीन सोडून आकाशात प्रविष्ट होतात, हे दृश्य कामशेतच्या टेकड्यांवर वा हिमाचलातील बिलिंगच्या माथ्यावर आज परिचयाचे झाले असले, तरी ज्या दोन घराण्यांच्या संयोगातून हा टँडेम पॅराग्लायडर जन्मास आला, त्यांचा आरंभी परस्परांशी कसलाही संबंध नव्हता.

पहिले घराणे कापडाचे. डोमिना जॅल्बर्ट या पतंगकर्त्याने समोरून उघड्या कप्प्यांत वारा भरून आकार धारण करणारा, काठीचा वा धातूचा लवलेशही नसलेला पंख सिद्ध केला आणि 1966 साली त्यास अमेरिकेचे पेटंट मिळाले. पुढे 1978 साली फ्रान्समधील मियुसी या गावी बेतां, बोसाँ आणि बोन या तीन हवाई छत्रीधारकांनी विमानातून उडी घेण्याचा खर्च टाळण्यासाठी असलीच छत्री डोंगरावरून धावत उडविली, आणि पुढील वर्षी तेथेच या विद्येची शाळाही निघाली.

दुसरे घराणे अध्यापनाचे, आणि ते वयाने वडील. 1917 साली इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी एकाच ॲव्रो विमानात शिक्षक व शिष्य या दोघांपुढे नियंत्रणे ठेवली, बोलण्यासाठी नळी जोडली आणि संकटापासून शिष्यास दूर न ठेवता, त्या संकटात जाणूनबुजून नेऊन त्यातून सुटण्याचा मार्ग त्याच्याच हातून काढवून घेण्याची पद्धती रूढ केली.

पॅराग्लायडिंगच्या पहिल्या पिढीस हा लाभ नव्हता. शिकाऊ माणूस एकटाच उडे आणि शिक्षक खालून ओरडून वा वॉकीटॉकीवरून सूचना देई. आवाज वर पोचे, हात मात्र पोचत नसे. एकट्याच्या पंखाचे क्षेत्रफळ सुमारे 25 चौरस मीटर; ते 40 च्या घरात नेल्यावर दोघांचा भार पेलला. तथापि खरी अडचण दोघांना टांगावे कसे, ही होती, आणि ती सोडविली स्प्रेडर नामक लहानशा भागाने. हा व्ही अक्षरासारखा दुपाखी सांधा. त्याचे टोक रायझरला, म्हणजे पंखाच्या दोऱ्या एकवटणाऱ्या पट्ट्याला, अडकते, पुढच्या पाख्यास शिष्याचा हार्नेस व मागच्यास शिक्षकाचा. या सांध्यावर टांगण्याच्या अनेक जागा असतात, त्यांतून दोघांच्या वजनांतील तफावतीप्रमाणे एक निवडली, की शिक्षकास समोरचे दिसते आणि ब्रेकही त्याच्या आवाक्यात राहतात. 1990 साली रोश या पिता-पुत्रांनी एव्हरेस्टच्या साउथ कोलवरून, आणि 2001 साली त्याच पुत्राने पत्नीसह थेट शिखरावरून असे जोडउड्डाण केले.

शिक्षणात मात्र याचे मोल विक्रमांहून मोठे आहे, कारण उष्ण वाऱ्याचा झोत लागताच ब्रेकच्या दोरीवर वाढणारा ताण, किंवा पंखाची एक बाजू मिटता शरीर कोठे झुकवावे याचा अंदाज, कितीही व्याख्याने दिली तरी शब्दांनी देता येत नाही. ब्रेकच्या मुठी शिष्याच्या हाती देऊन, स्वतःचे हात वरच दोरीपाशी सज्ज ठेवणारा शिक्षकच तो देऊ शकतो. आज या साधनाची ओळख बहुतांशी पर्यटकांच्या सहलीपुरती उरली आहे. तीत पुढे बसलेला माणूस केवळ प्रवासी असतो. परंतु ज्या सामायिक मुखत्यारीतून पूर्ण जबाबदारी पेलणारा वैमानिक घडतो, ती त्याच आसनावर बसून मिळते, आणि म्हणूनच टँडेमची गणना प्रथम पाठशाळेच्या साहित्यात व्हावी, हेच न्यायाचे होय.