वतनाची खरी धनीण

युरोपांतील मध्ययुग म्हटलें कीं चिलखत घातलेला शिलेदार, गवाक्षांत उभी असलेली सुंदरी आणि तिच्या एका कटाक्षासाठीं प्राण पणाला लावणारा तिचा भक्त असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. भाटांनीं तें रंगविलें आणि कादंबरीकारांनीं तें जतन केलें. परंतु त्या काळच्या दरबारी दप्तरांत डोकावलें तर निराळेंच दृश्य दिसतें. तेथें वधू ही जमिनीच्या यादींतील एक बाब असे. बाप मेलेल्या सरदारकन्येचें पालकत्व राजाकडे जाई. तिचें लग्न कोणाशीं लावावयाचें हें राजा ठरवी. कधीं तो हक्क रोख पैसे घेऊन विकी, तर कधीं चाकरीचें बक्षीस म्हणून देऊन टाकी. अशा व्यवहारांतून सहजीवन फुलणें शक्य होतें काय? विल्यम मार्शल आणि इझाबेल द क्लेअर यांचा संसार या प्रश्नाला जें उत्तर देतो, तें भाटांच्या गीतांहून अधिक मननीय आहे.

विल्यम हा एका मध्यम प्रतीच्या इंग्रज सरदाराचा चौथा मुलगा. वडिलार्जित जमिनींत त्याच्या वांट्याला कांहीं येण्याजोगें नव्हतें. घोडा, भाला आणि मनगटांतील बळ एवढेंच त्याचें भांडवल. फ्रान्समधील शस्त्रस्पर्धांत प्रतिपक्षाच्या वीरांना पाडावें आणि त्यांचे घोडे व खंडणी घेऊन यावें, हा त्याचा कित्येक वर्षांचा उदीम होता. पुढें तो दुसऱ्या हेन्री राजाचा विश्वासू सेवक झाला आणि ११८९ सालीं त्या थकलेल्या राजानें त्याला इझाबेल देऊं केली.

इझाबेलच्या आईचें लग्नही एका करारांतलेंच कलम होतें. लीन्स्टरचा पदच्युत आयरिश राजा डर्मट यानें राज्य परत मिळविण्यासाठीं रिचर्ड द क्लेअर ऊर्फ ‘स्ट्राँगबो’ या सरदाराची मदत मागितली आणि मोबदला म्हणून आपली कन्या ईफा व आपल्यामागून राज्य देण्याचें वचन दिलें. ११७० सालीं वॉटरफर्ड शहर पडतांच तेथेंच तें लग्न लागलें. स्ट्राँगबो ११७६ मध्यें वारला. पुढें इझाबेलचा भाऊही अल्पवयांतच गेला. वेल्सच्या सीमेवरील स्ट्रायगिलचा किल्ला आणि आयर्लंडांतील लीन्स्टर यांची वारस आतां ही एकटी मुलगी उरली. राजानें तिला लंडनच्या बुरुजांत ठेविलें होतें.

जुलै ११८९ मध्यें हेन्री शिनाँ येथें मरण पावला. त्याआधीं कांहीं आठवडे ल मान्सजवळ त्याचा बंडखोर पुत्र रिचर्ड पाठलाग करीत आला असतां मार्शलनें भाल्यानें त्याचा घोडा ठार केला होता. तोच रिचर्ड आतां राजा झाला! परंतु त्या उमद्या राजानें सूड न घेतां बापाचें वचन पाळलें. ऑगस्टमध्यें लंडनला लग्न झालें. वर चाळिशी ओलांडलेला, वधू विशीच्या आंतली. विवाहाला वधूची संमति हवी, हें तत्त्व पोप तिसरा अलेक्झांडर यानें त्याच शतकांत पक्कें केलें होतें. पण राजाच्या बुरुजांत राहणाऱ्या पोरक्या मुलीची संमति कितपत मोकळी असणार?

या दांपत्याची खरी कसोटी अठरा वर्षांनीं लागली. पत्नीच्या वतनाचा कारभार कायद्यानें पतीच्या हातीं जाई आणि बहुतेक सरदार तें वतन आपलेंच समजत. १२०७ सालीं तीं दोघें आयर्लंडांत होतीं. गादीवर जॉन हा संशयी राजा होता आणि मार्शलचे दोन मुलगे ओलीस म्हणून त्याच्या ताब्यांत होते. त्यानें मार्शलला इंग्लंडला बोलाविलें. इझाबेलला त्या बोलावण्यांत कपट दिसलें आणि पतीनें जाऊं नये असें तिचें मत पडलें. जाणें मार्शलला टळेना. तेव्हां त्यानें किलकेनी येथें आपल्या मांडलिकांना जमविलें आणि गर्भवती पत्नीला हाताला धरून सभेपुढें आणलें. ही तुमची जन्मानें धनीण आहे. हिच्या पित्यानेंच तुम्हांला या जमिनी दिल्या, आणि येथें माझें जें कांहीं आहे तें हिच्यामुळें आहे, असें त्यानें भर सभेंत सांगितलें.

इझाबेलची शंका खरी ठरली. मार्शलची पाठ वळतांच राजाच्या आयरिश अधिकाऱ्याच्या माणसांनीं लीन्स्टरवर हल्ला चढविला आणि धान्याचीं कोठारें जाळलीं. हिवाळ्याच्या वादळांमुळें समुद्र बंद. अशा वेळीं गिल्डफर्ड येथें जॉननें मार्शलला सांगितलें कीं, किलकेनीला वेढा पडला असून तुझे जिवलग सोबती मारले गेले! ती थाप होती. समुद्र मोकळा झाल्यावर कळलें तें उलटच होतें. इझाबेलच्या पक्षानें अल्स्टरच्या सरदाराच्या मदतीनें शत्रूचा मोड केला होता आणि त्या अधिकाऱ्यालाच आपला मुलगा ओलीस द्यावा लागला होता. फितूर झालेले मांडलिक पुढें शरण आले. मार्शलनें त्यांना क्षमा केली. इझाबेलला मात्र ती क्षमा रुचली नाहीं. संकटाचे दिवस तिनें काढले होते.

ही हकीकत फ्रेंच भाषेंतील एका दीर्घ काव्यांत आहे. मार्शलच्या थोरल्या मुलानें तें बापाच्या मृत्यूनंतर रचविलें. पॉल मेयर या फ्रेंच पंडितानें त्याची एकमेव प्रत १८६१ सालीं लंडनच्या लिलावांत पाहिली आणि पुढें वीस वर्षांनीं ती पुन्हां शोधून काढली. काव्य स्तुतिपर आहे, तेव्हां तें जपूनच वाचावयास हवें. पण केवळ स्तुतीच करावयाची, तर पत्नीचा मतभेद नोंदविण्याची कवीला गरज नव्हती.

१२१६ मध्यें जॉन वारला आणि बालराजाचा कारभार वृद्ध मार्शलच्या हातीं आला. १२१९ च्या मे महिन्यांत कॅव्हरशॅम येथें तो मृत्युशय्येवर होता. टेंपलर पंथाची दीक्षा घेण्याचें त्यानें ठरविलें होतें आणि त्या पंथांत स्त्रीस्पर्श निषिद्ध. म्हणून दीक्षेपूर्वीं त्यानें इझाबेलला जवळ बोलावून अखेरचें चुंबन मागितलें. दोघांनाही रडूं आवरलें नाहीं. तीस वर्षांच्या संसारांत त्यांना दहा मुलें झालीं होतीं.

आतां इझाबेल विधवा होती आणि तिचें वतन पुन्हां तिचें होतें. पूर्वीच्या रिवाजाप्रमाणें राजानें तिला दुसऱ्या कोणाला देऊन टाकणें अशक्य नव्हतें. परंतु १२१५ च्या महासनदेंत एक कलम आलें होतें: जी विधवा पतीवांचून राहूं इच्छिते, तिच्यावर पुनर्विवाहाची सक्ति करूं नये. १२१६ व १२१७ सालीं ती सनद पुन्हां निघाली, तेव्हां बालराजाची स्वतःची मुद्रा नसल्यामुळें तिच्यावर पोपच्या वकिलाबरोबर मार्शलची मुद्रा उठली होती. इझाबेलनें दुसरें लग्न केलें नाहीं. १२२० मध्यें ती वारली आणि टिंटर्नच्या मठांत तिला मूठमाती मिळाली.