वेशीवरचे वीरगळ

सोसायटीच्या पंचवीस वर्षांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी गावाकडच्या दगडांवर लिहितो. आपल्यातले बरेच जण धुळे–सोलापूर रस्त्यानं ये-जा करतात. शहागडला गोदावरी ओलांडली की जालना जिल्हा संपतो आणि बीडचा गेवराई तालुका लागतो. माझं मूळ गाव याच पट्ट्यातलं.

मराठवाड्यातल्या पुष्कळ जुन्या गावांत वेशीजवळ, मारुतीच्या पारावर नाहीतर पडक्या महादेवामागं एखादा कोरीव उभा दगड दिसतो. कुणी म्हसोबा म्हणतं, कुणी नुसतंच 'देव'. शेंदूर लागतो, नारळ फुटतो. खरं तर तो असतो वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या माणसाची आठवण. कन्नडमध्ये 'कल्लु' म्हणजे दगड, त्यावरून 'गळ'.

वीरगळ वाचायचा खालून वर. तळाशी लढाई, किंवा आडवा पडलेला वीर. शेजारी गाई कोरल्या असतील तर समजायचं, गावची गुरं पळवून नेणाऱ्यांना अडवताना गडी गेला. तेव्हा गुरं हीच दौलत! मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर आठवण राहील. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई आहे.

शेजारी कधी सतीशिळा असते. कोपरात वाकलेला हात, उघडा पंजा, भरलेल्या बांगड्या. लोक हात जोडतात. मला मात्र तिथं कौतुकाचे शब्द सुचत नाहीत. त्या बाईला कुणी विचारलं तरी होतं का?

आपण गेटवर संगमरवरात कार्यकारिणीची नावं कोरली. कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर लेख असतात, पण आपल्याकडच्या बहुतेकांवर एक अक्षर नाही. त्यामुळं दगड उभा असतो ती जागा हाच त्याचा पत्ता. वेशीवर आहे, की शिवेवर, की जुन्या वाटेला? तो हलवला की निम्मी गोष्ट गेली. आणि हलवणारे काही वाईट लोक नसतात. रस्ता रुंद होतो, देवळाचा जीर्णोद्धार निघतो, फरशी बसते. आमच्याकडं एक वीरगळ देवळाच्या पायरीला लागला, दुसऱ्यावर कित्येक वर्षं धुणं आपटलं जात होतं. ऑइलपेंटनं रंगवलेल्यांचं तर नाक-डोळंही ओळखू येत नाही.

दिवाळीत गावी जाल तेव्हा तिन्हीसांजेला बॅटरी घेऊन जा. उजेड समोरून टाकू नका, बाजूनं तिरका टाका. झिजलेल्या रेषा उठून दिसतात. फोटो काढा, तोंड कुठल्या दिशेला आहे तेही लिहून ठेवा. आमच्या पायरीच्या दगडाचा फोटो मी घेतलाय. तो आधी कुठं उभा होता, हे सांगणारे आता गावात दोनच म्हातारे उरलेत.