एका पानाची शाळा

यंत्र विकत घेतलें म्हणजे विद्या हातीं आली, असा समज आपल्या सार्वजनिक संस्थांत अजूनही दृढ आहे. देणगी मिळते, संगणक येतो, त्याला हार घातला जातो. आणि वर्षभरानें पाहावें तों त्यावर धूळ सांचलेली! कार्यकर्ते वयस्क, त्यांना हें शिकणें जमावयाचें नाहीं, असें मग सांगण्यांत येतें. हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. तें कां मान्य नाहीं, हें अमेरिकेंतील एका ग्रंथोद्धाराच्या इतिहासावरून वाचकांच्या ध्यानीं येईल.

ता. ४ जुलै १९७१ रोजीं इलिनॉय विद्यापीठांतील मायकेल हार्ट ह्या विद्यार्थ्यानें अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा तेथील संगणकावर स्वतः टंकून ठेविला. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’चा हाच जन्म. स्वामित्वहक्काची मुदत संपलेले ग्रंथ कोणासही विनामूल्य मिळावे, एवढाच हेतु. परंतु चार पानांचा जाहीरनामा टंकणें निराळें आणि अख्खा ग्रंथ टंकणें निराळें. शंभरावा ग्रंथ निघावयास १९९४ साल उजाडलें.

पुढें पानाच्या चित्रावरून अक्षरें ओळखण्याची युक्ति निघाली. टंकण्याचे श्रम वांचले. पण आर् आणि एन् शेजारीं आले कीं यंत्र त्यांचा एम् करी, आणि ‘मॉडर्न’चें ‘मोडेम’ होई. दोन्ही शब्द कोशांत असल्यामुळें अशी चूक यंत्राच्या तपासणींतूनही निसटते. ती धरावयास माणसाचाच डोळा लागतो.

हे डोळे मिळवावे कसे? इ. स. २००० मध्यें चार्ल्स फ्रँक्स ह्यांनीं ‘डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स’ ही योजना काढली. तिचें मर्म एवढेंच कीं, पुस्तक न देतां पान द्यावें. मूळ पानाचें चित्र आणि यंत्रानें वाचलेला मजकूर हीं दोन्ही एकत्र समोर येतात. स्वयंसेवकानें तीं ताडून पाहावीं, चूक सुधारावी, आणि पान पुढें पाठवावें. तेंच पान मग दुसरा तपासतो. नवशिक्यानें काय चुकविलें, हें जुना जाणता त्याला कळवितो. ठराविक पानें व चाचण्या पार पडल्या कीं पुढल्या फेरीचा अधिकार मिळतो. संगणकशास्त्राचें व्याख्यान कोठेंच नाहीं. काम हीच शाळा.

नोव्हेंबर २००२ मध्यें ‘स्लॅशडॉट’ ह्या संकेतस्थळावर ह्या योजनेचा उल्लेख झाला आणि एका दिवसांत चार हजारांहून अधिक नवे लोक येऊन दाखल झाले. इतक्यांस वर्गांत बसवून शिकविणें कोणास शक्य होतें? परंतु घांस लहान होता, नियम लेखी होते, आणि मागून तपासणारा होता. मार्च २००७ पर्यंत दहा हजार ग्रंथ पुरे झाले. ह्या पद्धतींत वैगुण्य नव्हतें असें नाहीं. शुद्धतेसाठीं फेऱ्या वाढल्या, तशीं शेवटच्या फेऱ्यांपाशीं पुस्तकें तुंबूं लागलीं. कारण तेथवर चढणारे थोडे. नवशिके जमविणें सोपें, त्यांना जाणते करणें कठीण, हा धडा त्यांनाही चुकला नाहीं.

आमच्या घरचीही गोष्ट हीच आहे. भारतांत ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं ग्रंथ सर्वांचे होतात. आपल्या ग्रंथालयांत असे कितीतरी मराठी ग्रंथ पिवळे पडून हात लावतांच तुटत आहेत. मराठी विकिस्रोतांत पानपान तपासण्याची हीच सोय आहे. एकानें तपासलेलें पान दुसऱ्यानें प्रमाणित करावयाचें असतें. मात्र जुनें अनुस्वारयुक्त लेखन तरुणांस चूक वाटतें आणि ते तें ‘सुधारून’ टाकतात. तें लेखन ओळखणारी पिढी आपल्या घरांघरांतून आहे, आणि तिलाच आपण संगणकापासून दूर बसविलें आहे. तिच्यापुढें यंत्राची माहिती मांडूं नये. एक पान ठेवावें, आणि पहिल्या चार चुका होईपर्यंत शेजारीं बसावें.