पडद्यावरचा निळा रंग

२००३ सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत माझी पत्नी संगणकावर मराठी अक्षरजुळणी करत असे. एका दिवाळी अंकाची शेवटची पानं सकाळी छापखान्यात द्यायची होती. दुपारी साफसफाईसाठी टेबल सरकवलं, केबली काढल्या, पुन्हा लावल्या. रात्री संगणक सुरू केला तर सगळा पडदा पिवळाधमक! जाहिरातीतली गडद निळी साडी काळी दिसू लागली. मॉनिटर हप्त्यांवर घेतलेला, हप्ते अजून फिटायचे होते.

मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन मॉनिटरची पाठ उघडायला निघालो. इतक्यात शेजारचे काका आले. त्यांचा उभा जन्म रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत गेलेला. ते ओरडलेच, "अरे, थांब! प्लग काढला तरी आत वीज साठून असते."

काकांचं खरं होतं. त्या काळचा मॉनिटर म्हणजे काचेची चित्रनळी. कार्ल फर्डिनांड ब्राऊन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली तिचा मूळ नमुना केला, तो विजेचे चढउतार डोळ्यांनी पाहण्यासाठी. पुढे तीच नळी टीव्हीत आणि संगणकाच्या पडद्यात आली. रंगीत नळीला वीसपंचवीस हजार व्होल्टचा दाब लागतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

पुणेकरांची या नळीशी ओळख झाली ती टीव्हीमुळे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि १९७३ साली सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यात चित्र दिसू लागलं. गच्च्यांवर अँटेना उभ्या राहिल्या, सगळ्यांची तोंडं सिंहगडाकडे. चित्र हललं की एकजण गच्चीवर, एकजण खिडकीत आणि उरलेलं घर टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं... आलं... गेलं!" टीव्हीला हातही न लावता, नुसती अँटेना फिरवून कितीतरी बिघाड दूर होत. घरच्या घरी दुरुस्तीचा पहिला धडा पुणेकर तिथे शिकले.

मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं, १९९१ साली 'परम ८०००' महासंगणक तयार झाला. सी-डॅकचं 'जिस्ट' आणि पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीचं 'श्रीलिपी' यांच्यामुळे मराठी अक्षरं संगणकाच्या पडद्यावर सुखाने वावरू लागली. अक्षरजुळणी छापखान्यातून आमच्यासारख्यांच्या घरात आली, आणि पडदा बिघडण्याची धास्तीही तिच्याबरोबर आली.

काकांनी मॉनिटरच्या पुढचं बटण दाबलं. उजेड कमीजास्त करण्याचा तक्ता पडद्यावर आला. त्यातली अक्षरं पांढरीशुभ्र! "बघ," काका म्हणाले, "हा तक्ता मॉनिटर स्वतः काढतो. तो पांढरा दिसतोय, म्हणजे नळी ठणठणीत. बाहेरून येणारंच काहीतरी अडलंय."

तांबडा, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश मिळून पांढरा होतो. त्यातला निळा गेला की उरतो पिवळा. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या १५ पिनांच्या जोडणीत या तीन रंगांना तीन वेगळ्या पिना असतात. दोन्ही यंत्रं बंद करून काकांनी केबल काढली. वरच्या ओळीतली तिसरी पिन आडवी झालेली. दुपारच्या साफसफाईत मीच केबल तिरकी दाबली होती. काकांनी चिमट्याने पिन हलकेच सरळ केली आणि केबल बसवली.

मी खाली वाकून विचारलं, "आलं का?"

"आलं!" पत्नी म्हणाली. निळी साडी पुन्हा निळी झाली होती. पानं पहाटेपर्यंत पुरी झाली आणि वेळेवर छापखान्यात गेली. दुरुस्तीचा खर्च काय, तर काकांचा एक कप चहा.

आता त्या नळ्या गेल्या, घरोघरी सपाट पडदे आले. काकांची युक्ती मात्र अजून चालते. पडदा बिघडला की आधी त्याचा स्वतःचा तक्ता उघडून पाहावा. तो नीट दिसला तर पडद्याला दोष देऊ नये. केबल काढावी, तपासावी, पुन्हा लावावी. स्क्रू ड्रायव्हर तोवर खणातच राहू द्यावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)