जोडे कुणाचे?

वस्तुचित्र म्हटले की फळे, फुलदाणी, रेशमी पडदा असेच आपल्यासमोर ठेवले जाते. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८६ साली पॅरिसमध्ये झिजलेल्या जोड्यांचे चित्र रंगविले. चामडे सुरकुतलेले, नाड्या सुटलेल्या. चित्रात माणूस नाही.

म्हणूनच मालकीचा वाद झाला. जर्मन तत्त्ववेत्ता हायडेगर याने १९३५ सालच्या व्याख्यानात हे जोडे एका शेतकरी बाईचे ठरविले आणि त्यांत तिची माती, भाकरीची चिंता, बाळंतपण, मरण सारे वाचून टाकले. भाषा भारावून टाकणारी आहे. पण ही बाई आली कोठून? हा गृहस्थ १९३३ सालीच नाझी पक्षाचा सभासद झाला होता. 'माती' हा शब्द त्या काळच्या जर्मनीत निरागस राहिलेला नव्हता, हे विसरून मला तो मजकूर वाचता येत नाही.

१९६८ साली मेयर शापिरोने त्याला उत्तर दिले. शापिरो लिथुआनियात जन्मलेला ज्यू, लहानपणीच अमेरिकेत आलेला. तुम्ही पाहिलेत ते चित्र कोणते, असे त्याने हायडेगरला पत्र लिहून विचारले. मार्च १९३०मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला पाहिले, असे उत्तर आले. त्यावरून चित्र निश्चित करून शापिरोने मांडले की हे जोडे खुद्द चित्रकाराचे, तेव्हा शहरात राहणाऱ्या माणसाचे आहेत. विशेष म्हणजे हा निबंध कुर्ट गोल्डस्टाईन यांच्या स्मृतिग्रंथात आला. नाझी सत्तेवर येताच जर्मनी सोडावी लागलेले हे मेंदूशास्त्रज्ञ.

वस्तूंतून स्वतःविषयी बोलण्याची व्हॅन गॉगची रीत आधीपासूनची. मार्च १८८५मध्ये त्याचे धर्मोपदेशक वडील वारले. त्याच ऑक्टोबरात त्याने एक जाडजूड बायबल रंगविले, शेजारी विझलेली मेणबत्ती, आणि पुढे एमिल झोलाच्या कादंबरीची हाताळून चुरगळलेली प्रत. ज्यांना बापलेकांचे मतभेद ठाऊक आहेत त्यांना आणखी काही सांगावे लागत नाही.

तरीही शापिरोचे म्हणणे मला पुरते पटत नाही. व्हॅन गॉगच्या एका सहाध्यायाने सांगून ठेवले आहे की ते जोडे त्याने जुन्या बाजारातून विकत आणले आणि चिखलात चालून मग रंगविले. हे खरे असेल, तर त्याच्या आधी ते दुसऱ्या कुणाच्या पायांत झिजले होते. आणि ते शिवले कुणी? दोन पंडितांच्या भांडणात हा प्रश्न बाजूलाच राहिला. मला तो आधी सुचतो, कारण आपल्याकडे कातडे कमावून जोडा शिवणाऱ्यालाच तो पायात घालून सवर्णांच्या आळीतून जाण्याची कित्येक गावांत बंदी होती.