चाकाच्या पोटातली उशी

दसऱ्याला आमच्या अंगणात बुलेटची पूजा होते. हँडलला झेंडूची माळ, दिव्याला कुंकवाचे बोट, पुढच्या चाकाखाली लिंबू. नारळ फुटतो तो इंजिनासमोर. मागच्या चाकाच्या वाट्याला उरलीसुरली दोन फुले येतात, आणि त्या चाकाच्या पोटात सहा रबरी ठोकळे आपले काम मुकाट्याने करीत असतात याची तर कोणी दखलच घेत नाही. मीही घेतली नव्हती. घेतली ती कुंभार्ली घाटात, नऊ वर्षांची मुलगी पाठीशी बसलेली असताना.

ही फटफटी माझ्या वडिलांची. १९७४ साली मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. अण्णा गेले आणि ती माझ्याकडे आली. चिपळूणला मुलीच्या आजोळी चार दिवस राहून आम्ही दोघे बापलेक परत निघालो होतो. घाट चढू लागलो तशी प्रत्येक वळणावर मागून ‘खडक खडक’ असा आवाज येऊ लागला. मूठ सोडली की एक धक्का, पिळली की दुसरा. "बाबा, गाडीला उचकी लागलीये," असे मुलगी म्हणालीसुद्धा. मी हसण्यावारी नेले. पुढच्याच चढाला साखळीचा चेनलॉक निखळला. इंजिन मोकळे सुटून बोंबलू लागले आणि गाडी उतारावर मागे सरकू लागली. मागून ट्रक येत होता. दोन्ही ब्रेक आवळून मी पाय रोवले, ट्रकवाल्याने वेळीच गाडी थांबवली, म्हणून आज हे लिहीत आहे.

चिपळुणातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मागचे चाक उतरवले, ड्रम वेगळा केला आणि आतून बोटाने काळा चिकट लगदा काढून माझ्यासमोर धरला.

"गुरुजी, रबराला ग्रीस कोणी लावलं?"

लावणारा मीच होतो. वर्षापूर्वी मोठ्या हौसेने चाक खोलले होते. रबरे घट्ट बसेनात, म्हणून सढळ हाताने ग्रीस चोपडले होते.

"पुरणपोळीला तूप लावतात, गुरुजी. रबराला नाही," एवढेच म्हणून ते कामाला लागले.

घरी आलो तो सौभाग्यवतींचा निकाल तयार होता : "अहो, ही गाडी आता मोडीत काढा." मला उत्तर सुचेना. दोष गाडीचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता. शाळेत मी इतिहास शिकवतो. तेव्हा या सहा ठोकळ्यांचाही इतिहास धुंडाळावा असे मनाने घेतले. वाचकहो, तोच आज तुमच्या फराळाच्या ताटाशेजारी ठेवतो आहे.

आधी रोग, मग औषध. बुलेटच्या इंजिनात एकच सिलिंडर. दट्ट्या चार येरझारा घालतो तेव्हा एकदा स्फोट होतो; म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एक ठोसा. मिनिटाला २४०० फेरे धरले, तर सेकंदाला वीस ठोसे! चाकापर्यंत पोचणारी शक्ती अखंड धारेने वाहत नाही, ती हातोड्याच्या घावांनी येते. हे घाव कोणीतरी सोसायला हवेत. कोणी सोसले नाहीत तर ते गिअरच्या दातांवर, साखळीच्या कड्यांवर आणि बेअरिंगवर पडतात.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोटारसायकलींना हा प्रश्न फारसा जाणवला नाही. त्यांपैकी बहुतेकांच्या मागच्या चाकाला इंजिनाकडून पट्टा जाई. पट्टा थोडा ताणे, थोडा घसरे, आणि त्यातच घाव विरून जाई. पण पावसात तो नको तितका घसरे, चढावर दगा देई. साइडकार जोडून कुटुंबासह हिंडण्याची हौस वाढली, तसा पट्टा अपुरा पडू लागला आणि साखळी आली. साखळी घसरत नाही हा तिचा गुण, आणि घसरत नाही हाच तिचा दोष. ठोसा जसाच्या तसा चाकाला पोचू लागला.

यावर उपाय अनेकांनी शोधले. काहींनी इंजिनाच्या आसावरच जाड स्प्रिंग बसवली, काहींनी पुढे क्लचच्या मध्यभागी रबर घातले. रॉयल एनफिल्डने मात्र पहिल्या महायुद्धाच्या आधीच, १९१२च्या सुमारास, उशी थेट मागच्या चाकाच्या तुंब्यात ठेवली.

हा कारखाना इंग्लंडातल्या रेडिच गावचा. सुया आणि मासे पकडण्याचे गळ यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव. सुया करणाऱ्या घराण्यातूनच हा धंदा सायकलींकडे वळला. एनफिल्ड येथील सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवण्याचे काम मिळाले, त्यावरून १८९३ मध्ये ‘रॉयल एनफिल्ड’ हे नाव आले, आणि ‘बंदुकीसारखी घडवलेली’ हे ब्रीदही. पहिली मोटारसायकल निघाली १९०१ साली, आणि ‘बुलेट’ १९३२ साली. नावात गोळी, ब्रीदात बंदूक, आणि पोटात मात्र मऊ उशी! मला या विसंगतीची मोठी मौज वाटते.

रचना अगदी साधी. तुंब्याच्या आत तीन आडव्या भिंती. दातेरी चक्र आणि ब्रेकचा ड्रम एकसंध, आणि त्याच्या पाठीवर तीन पाती. पाती त्या भिंतींच्या मधोमध जातात, आणि प्रत्येक पात्याच्या दोन्ही अंगांना एकेक रबरी ठोकळा असतो. साखळी चक्राला ओढते, पाती रबराला दाबतात, आणि दबलेले रबर चाकाला पुढे ढकलते. लोखंड लोखंडाला कुठे भिडतच नाही. तीन ठोकळे ओढताना काम करतात. मूठ सोडली की उरलेले तीन. शिवाय ब्रेक ड्रमवर लागतो, म्हणजे मागचा ब्रेक दाबला तरी त्याचा जोर याच रबरांतून चाकाला पोचतो. घाटात माझा जीव कशावर टांगला होता, हे मला घरी बसून कळले.

ही उशी बुलेटबरोबर आपल्याकडे आली. भारतीय सेनेने ही गाडी पसंत केली, आणि १९५५ मध्ये रेडिचची कंपनी व मद्रास मोटर्स यांनी मिळून एनफिल्ड इंडिया स्थापन केली. आधी विलायती भाग इथे नुसते जोडले जात. १९५७ मध्ये भाग घडवण्याची साधने आली, आणि १९६२ पर्यंत सगळे भाग इथेच होऊ लागले. पुढे रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, इंग्लंडातले उरलेले काम १९७० मध्ये थांबले. आईचे घर मोडले, पण लेकीचा संसार चालू राहिला. आणि १९७७ मध्ये मद्रासच्या बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागल्या. लेक माहेरी गेली ती आईची उशी पोटाशी घेऊनच.

आता थोडे निगेविषयी. गाडी स्टँडवर घ्यावी, घरातल्या कोणाला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगावे, आणि टायर पुढेमागे हलवून पाहावा. टायरच्या कडेला अर्धा ते एक इंचाहून अधिक खेळ दिसला तर रबरे संपली असे समजावे. बदलायची तर सहाही एकदम. पाती आणि भिंती पुसून तडे पाहावेत. रबर बसेना तर साबणाचा फेस लावावा. तो वाळून जातो. ग्रीस आणि तेल नैसर्गिक रबर फुगवून कुजवतात. बेअरिंगचे ग्रीस आत झिरपत नाही ना, तेही पाहावे. काही जण सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या भरून फट बुजवतात. त्याने चार दिवस निभतात, एवढेच.

हल्ली पॉलियुरेथेनचे ठोकळेही मिळतात. तेलाला ते दाद देत नाहीत आणि टिकतातही. पण फार कठीण घेतले तर उशीची पाटी होते, आणि घाव पुन्हा साखळीवर पडू लागतात. "न दबणारा ठोकळा काय कामाचा?" असे म्हणून मिस्त्रींनी मला साधी रबरेच घालून दिली.

फटफटी मोडीत गेली नाही. त्यानंतरच्या दसऱ्याला मी मागच्या तुंब्याला हळदकुंकू लावले. मुलगी म्हणाली, "बाबा, तिथे का?"

मी म्हणालो, "तिथे उचकीचं औषध आहे."

सौभाग्यवतींनी काही न बोलता माळेतला एक झेंडू तोडून तिथे ठेवला.